चांगली व्हिस्की चवीने कशी प्यावी: इंदूरच्या नवख्यांसाठी

इंदूरचा माणूस जिभेचा पक्का. कचोरीतला हिंग ताजा आहे का, रबडी पुरेशी आटली आहे का, पोह्यांवरचं जिरावण चांगलं आहे का, हे त्याला पहिल्या घासाला कळतं. पण तोच माणूस व्हिस्की प्यायला बसला की ग्लास बर्फाने भरतो, वर सोडा नाहीतर कोल्ड्रिंक ओततो, मूठभर लसूण शेव तोंडात टाकतो आणि दोन घोटांत ग्लास रिकामा करतो. व्हिस्की कशी होती हे कळायला त्यात वावच राहत नाही. मग "सगळ्या सारख्याच कडू" असा निकाल लागतो.

मला हे सगळं मामांनी शिकवलं. ते फौजेत होते, निवृत्तीनंतर महूलाच राहिले. त्यांचा नेम असा की एक छोटा पेग, तो जेवणाआधी, आणि तासभर. त्या तासात गप्पा व्हायच्या, ग्लास दोन-तीनदा नाकाशी जायचा, मध्येच ते म्हणायचे, "आता बघ, आता उघडली." काय उघडलं ते मला कळायला बराच काळ लागला. तुम्हाला तेवढा लागू नये म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. जास्त कशी प्यावी हे इथे सापडणार नाही. तीस मिलीमध्ये किती काय असतं आणि ते कसं शोधायचं, एवढंच इथे आहे.

१. आधी स्वतःचं बघा

मध्य प्रदेशात दारू विकत घ्यायला आणि प्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. त्याखालच्यांनी हा लेख इथेच थांबवावा.

यकृताचा त्रास, गरोदरपण, झोपेच्या किंवा मनाच्या आजारावरच्या गोळ्या, मधुमेहाची औषधं, चालू असलेला अँटिबायोटिकचा कोर्स, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि ते नको म्हणाले तर नको. घरात कुणाला दारूचं व्यसन लागलेलं पाहिलं असेल तर या वाटेला न गेलेलंच बरं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं आहे की दारूचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. तब्येतीसाठी म्हणून कुणी व्हिस्की पिऊ नये. चवीसाठी प्यायची असेल तर चव घेता येईल एवढीच प्यावी.

आणि घरात लपवाछपवी नको. आपल्या मराठी घरांत आई, आजी, देवघर, श्रावण, चतुर्मास हे सगळं असतं. ज्या घरात चालत नाही तिथे चालत नाही. मित्राच्या घरी बसा, पण चोरून घाईघाईत प्यायलेल्या पेगातून चव मिळत नाही. गटारीचा दिवसही पहिल्या ओळखीसाठी अगदी चुकीचा, कारण त्या दिवशी कुणालाच सावकाश प्यायचं नसतं.

२. सामान गोळा करा

- ग्लास. खाली फुगीर, वर निमुळता. 'ग्लेनकेर्न' नावाचा स्कॉटलंडचा ग्लास २००१ पासून मिळतो, तो ऑनलाइन मागवता येतो. नसेल तर छोटा वाइन ग्लास चालतो. रुंद तोंडाचा जड ग्लास दिसायला छान, पण त्यातून वास उडून जातो. स्टीलचा पेला नको.
- मापाचा पेग. ३० आणि ६० मिलीच्या खुणांचा. अंदाजपंचे ओतलं की हात नेहमी सैलच पडतो.
- चहाचा चमचा किंवा ड्रॉपर. चमच्यात ५ मिली मावतं. ड्रॉपर मेडिकलमध्ये मिळतो.
- साधं पिण्याचं पाणी, दोन भांड्यांत: एक व्हिस्कीत घालायला, एक प्यायला.
- वही आणि पेन.
- वयाचा पुरावा. दुकानात किंवा बारमध्ये मागू शकतात. लायसन्स किंवा आधार जवळ ठेवा.

ग्लास साबणाने धुतला असेल तर गरम पाण्याने पुन्हा खळखळून धुवा आणि हवेवर वाळू द्या. लिंबाच्या डिशवॉशचा वास ग्लासात राहिला की पहिल्या वासाला तोच येतो. बंद कपाटातून काढलेल्या ग्लासालाही लाकडाचा कोंदट वास असतो, तेव्हा ओतण्याआधी रिकामा ग्लास एकदा हुंगून बघा.

३. बाटली निवडा: लेबल वाचायला शिका

इथे जरा थांबून वाचा, कारण पैसे इथेच वाया जातात.

भारतात 'व्हिस्की' या नावाखाली जे सर्वांत जास्त विकलं जातं, त्यातल्या बऱ्याचशा बाटल्यांचा पाया मळीपासून काढलेला, चव नसलेला अल्कोहोल असतो. त्यात थोडं मॉल्ट (मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की), कधी थोडी स्कॉच आणि चवीचे अर्क मिसळतात. युरोपात व्हिस्की म्हणवायला धान्यापासूनच बनलेली असावी लागते, त्यामुळे मळीची तिथे व्हिस्की म्हणून विकता येत नाही. तुम्हाला चव शिकायची आहे, तर सुरुवात धान्याच्या व्हिस्कीपासून करा. लेबलवर 'मॉल्ट्स अँड इंडियन ग्रेन स्पिरिट्स' लिहिलेलं असलं तर नावात धान्य असलं तरी ती मिश्र भारतीय व्हिस्की. 'ब्लेंडेड स्कॉच' किंवा 'सिंगल मॉल्ट' लिहिलेलं असलं तर तुमच्या कामाची.

सिंगल मॉल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून बनलेली. ब्लेंडेड म्हणजे मॉल्ट आणि दुसऱ्या धान्यांची व्हिस्की यांचं मिश्रण. ब्लेंडेडला कमी लेखू नका. स्कॉच म्हणवायला ती स्कॉटलंडमध्ये बनून ओकच्या पिंपात तिथेच किमान ३ वर्षं मुरलेली आणि किमान ४० टक्के अल्कोहोलची असावी लागते. टीचर्स आणि हंड्रेड पायपर्स या स्कॉटलंडहून पिंपाने येऊन भारतात बाटलीबंद होतात, म्हणून त्या स्वस्त पडतात, आणि त्या खऱ्या स्कॉचच असतात. टीचर्सच्या पोटात आर्डमोर या डिस्टिलरीची धुरकट मॉल्ट असते. पहिल्या धड्याला ती उत्तम.

बाटलीवर '४२.८ टक्के' आणि शेजारी '७५ प्रूफ' किंवा '२५ अंडर प्रूफ' दिसेल. ही जुनी इंग्रजी मोजणी आहे: १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के, त्याचे पंच्याहत्तर टक्के काढले की ४२.८ येतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

'१२ वर्षं' असं लिहिलं असेल तर आतली सर्वांत तरुण व्हिस्कीसुद्धा १२ वर्षं पिंपात होती असा अर्थ. पण वय म्हणजे दर्जा, हे समीकरण इथल्या हवेत लागू पडत नाही. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून दर वर्षी सुमारे २ टक्के व्हिस्की उडून जाते. बंगळुरूत ती १० टक्क्यांच्या वर जाते. इथल्या उन्हात लाकूड लवकर काम करतं आणि पिंप लवकर रिकामंही होतं. म्हणून भारतीय सिंगल मॉल्टच्या बाटलीवर बहुधा वय नसतं, आणि नसलं तरी ती कच्ची नसते.

आपल्याकडची ही मंडळी ओळखून ठेवा. बंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये आपली सिंगल मॉल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला ठेवली. त्यांच्या 'फ्यूजन'मध्ये भारतीय बार्ली आणि स्कॉटलंडची धुरावर वाळवलेली बार्ली एकत्र आहे. गोव्याच्या पॉल जॉनची 'ब्रिलियन्स' बिनधुराची आणि 'एडिटेड' किंचित धुराची. उत्तर प्रदेशातली रामपूर २०१६ पासून, आणि हरियाणातली इंद्री २०२१ पासून. माझं मत विचाराल तर नवख्याने आधी बिनधुराची, ४६ टक्क्यांच्या आसपासची घ्यावी. आयला बेटावरच्या लाफ्रॉएग, आर्डबेग यांसारख्या कडक धुराच्या व्हिस्क्या पुढच्या टप्प्याला. कित्येकांना त्यात दवाखान्याच्या टिंक्चरचा वास येतो आणि ते कायमचे दूर जातात.

सुरुवातीलाच पूर्ण ७५० मिलीची घेऊ नका. काही ब्रँड १८० मिलीत मिळतात. दोन वेगळे क्वार्टर घेणं एका महागड्या बाटलीपेक्षा जास्त शिकवतं.

४. दुकानात

२०२२ पासून आपल्या प्रदेशात देशी आणि विदेशी दारू एकाच दुकानात मिळते, त्यामुळे गर्दी असते. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका. दुपारी जा, बाटली हातात घेऊन बघू देतात.

- झाकणाचं सील अखंड आहे का, त्यावर उत्पादन शुल्क खात्याचा होलोग्राम आहे का, बाटली उलटी धरल्यावर आत कचरा तरंगतो का, हे तपासा.
- छापील किमतीपेक्षा जास्त देऊ नका आणि बिल मागा. २०२१ पासून बिल देणं बंधनकारक आहे. बिल असलं तर नकली माल निघाल्यावर बोलता येतं.
- 'कँटीनची आहे, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. सैनिकांसाठीची बाटली बाहेर विकणं गुन्हा आहे, आणि त्या नावाखाली बनावट माल खपतो.
- रिकामी महागडी बाटली रद्दीवाल्याला तशीच देऊ नका. तीच पुन्हा भरून बाजारात येते. लेबल फाडा, झाकण वेगळं टाका.

परदेशाहून येणाऱ्या नातेवाइकाला विमानतळावरून आणायला सांगणार असाल, तर एका प्रवाशाला २ लिटरपर्यंत दारू शुल्काविना आणता येते. बिल जपून ठेवायला सांगा.

आता एक महत्त्वाचं. आपल्यापैकी निम्म्यांची सोयरीक बडोद्याला. तिकडे जाताना भेट म्हणून बाटली नेऊ नका. गुजरातेत दारूबंदी आहे आणि दाहोदच्या पुढे गाडी तपासली तर सण पोलीस ठाण्यात जातो. उज्जैन, ओंकारेश्वर आणि महेश्वर इथली दुकानं १ एप्रिल २०२५ पासून बंद आहेत, हेही लक्षात असू द्या.

५. नाक तयार करा

हा भाग लोक गाळतात, आणि मग म्हणतात "मला काही वास येत नाही." वास येतो, त्याला नाव सापडत नाही. त्यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे.

सहा वाट्या घ्या. एकीत गुळाचा खडा, दुसरीत सुक्या खोबऱ्याचा काप, तिसरीत दोन लवंगा, चौथीत किसलेलं जायफळ, पाचवीत मनुका आणि खारीक, सहावीत पिकलेल्या केळ्याची चकती. डोळे मिटून एकेक हुंगा आणि नाव घ्या. कुणीतरी वाट्यांची जागा बदलून देईल तर आणखी चांगलं. घरातल्या मुलांना हा खेळ फार आवडतो, आणि त्यात दारूचा संबंध नाही.

या वाट्या मी उगाच निवडलेल्या नाहीत. ओकच्या लाकडातून व्हिस्कीत व्हॅनिलीन उतरतं, त्याचा गोड, साईसारखा वास येतो. त्याच लाकडातली लॅक्टोन नावाची द्रव्यं ओल्या-सुक्या खोबऱ्याचा वास देतात. लवंगेचा वास ज्यामुळे येतो ते युजेनॉल ओकमध्येही असतं. केळ्याचा वास आंबवण्याच्या वेळी यीस्ट तयार करतं. मनुका-खारकेचा वास येतो तो बहुधा शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरल्यामुळे. आणि चुलीवरच्या दुधाचा धुरकट वास ज्यांना आठवतो त्यांना पीटचा, म्हणजे बार्ली वाळवायला जाळतात त्या दलदलीतल्या मातीचा, धूर शिकवावा लागत नाही.

६. वेळ आणि हवा

शब-ए-मालवा, माळव्याची रात्र, म्हणतात ते उगाच नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, दिवेलागणीनंतर, खिडकी किलकिली ठेवून बसा. खोलीचं तापमान वीस-बावीसच्या आसपास असलं की व्हिस्की सर्वांत छान बोलते.

मे महिन्यात रात्री नऊलाही भिंती तापलेल्या असतात. अशा वेळी अल्कोहोल आधी उडतं आणि नाकात झोंबतं. त्यासाठी बाटली अर्धा तास फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, ग्लासात बर्फ टाकू नका. बर्फाने फार गार झाली की वास दबतो, जीभही बधिर होते. बर्फच हवा असेल तर एकच मोठा तुकडा, कारण चुरा लगेच वितळून पेगाचं पाणी करतो.

उदबत्ती, अत्तर, डास पळवायची कॉइल, शेजारी सिगारेट, यातलं काही नको. देवापुढची उदबत्ती विझून तास झालेला असावा.

७. ओता आणि थांबा

३० मिली मोजून ओता. मग पाच ते दहा मिनिटं काहीच करू नका. पहिला तीव्र झोत निघून जातो. मामांचं "आता उघडली" ते याच्यानंतरचं.

८. हुंगा

ग्लास एकदम नाकाखाली नेऊ नका. हनुवटीपाशी धरा, हळूहळू वर आणा, तोंड किंचित उघडं ठेवा. तोंड उघडं असलं की झोंबत नाही, ही एवढीशी युक्ती सगळा फरक करते. वाइनसारखा ग्लास गरागरा फिरवू नका. जोरात हलवलं की अल्कोहोलच वर येतं. ग्लास किंचित तिरका करून वरच्या कडेला हुंगा, मग खालच्या कडेला. दोन्हीकडे वेगळा वास येतो. वरच्या कडेला हलकं फळ, खालच्या कडेला लाकूड आणि मसाला, असं बहुधा.

नाक थकलं की आपल्याच मनगटाचा वास घ्या आणि परत या. जे येईल ते वहीत लिहा, मराठीत लिहा. परदेशी पुस्तकांतले 'हीदर' आणि 'टॉफी' आपण कधी हुंगलेले नसतात. 'दिवाळीतल्या अनारशाचा तुपकट वास' हे टिपण माझ्या वहीत इंद्रीपुढे आहे, आणि मला ते पुरेसं अचूक वाटतं.

९. पहिला घोट

पहिला घोट चवीसाठी नाहीच. तो तोंडाला सवय लागावी म्हणून. अगदी थेंबभर घ्या, जिभेवर पसरू द्या, गिळा. थोडं जळजळेल. एक घोट साधं पाणी प्या, मिनिटभर थांबा.

दुसरा घोट खरा. चहाचा अर्धा चमचा एवढाच. तोंडात धरा, जिभेच्या टोकाकडून मागे, मग गालांकडे फिरवा, दहा-बारा सेकंद. गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा. वास तेव्हा मागच्या दाराने परत येतो आणि जे नुसत्या हुंगण्यात सापडलं नव्हतं ते सापडतं. गिळल्यानंतर चव किती वेळ टिकते ते बघा. चांगल्या व्हिस्कीत ती मिनिटभरही राहते आणि जाता जाता बदलते: आधी गोड, मग सुंठेसारखी तिखट, शेवटी लाकडाची तुरट.

जळजळ सोडून काहीच कळलं नाही तर घाबरू नका. पुढची पायरी त्याचसाठी आहे.

१०. पाणी: किती, कुठलं, का

"खरा पिणारा पाणी न घालताच पितो" हे ऐकून कित्येकांनी घसा भाजून घेतला आहे. ते डोक्यातून काढा. ज्यांचा हा धंदा आहे ते स्कॉटलंडमधले ब्लेंडर नमुने हुंगताना पाणी घालून अल्कोहोल सुमारे २० टक्क्यांवर आणतात.

त्यामागे रसायनशास्त्र आहे. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकावर व्हिस्कीचे रेणू मांडून पाहिले. धुरकट वास देणारं ग्वायाकोल हे द्रव्य त्यांनी तपासलं. अल्कोहोल ५९ टक्क्यांच्या वर असलं की अल्कोहोलचे रेणू त्याला घेरून आत ओढून ठेवतात. ४५ टक्क्यांपर्यंत खाली आणलं की ते पृष्ठभागाकडे येतं. पृष्ठभागावर आलं म्हणजे नाकापर्यंत आलं.

आता प्रत्यक्षात. ३० मिलीच्या पेगात आधी पाच थेंब घाला, मिनिटभर थांबा, हुंगा, घोट घ्या. मग पुन्हा पाच थेंब. असं करत एक चहाचा चमचा पूर्ण होईपर्यंत जा. कुठल्याशा टप्प्यावर जळजळ मागे सरते आणि गोडवा पुढे येतो, तो तुमचा टप्पा. वहीत लिहून ठेवा. अमृत फ्यूजन ५० टक्क्यांची असते. तिच्या ३० मिलीत एक चमचा पाणी घातलं की ती बरोबर ४२.८ च्या आसपास येते, म्हणजे एरवीच्या बाटलीएवढी. चमचाभर पाण्याने तिचा काही अपमान होत नाही. उलट ४२.८ च्या ब्लेंडेडमध्ये दोन चमचे घातले तर ती ३२ टक्क्यांवर उतरते आणि पातळ लागायला लागते.

आणि पाणी कुठलं? आपल्या घरांत दोन नळ असतात, नर्मदेचा आणि बोरिंगचा. बोरिंगचं पाणी जड, खारट. ते व्हिस्कीत घालूच नका, लगेच कळतं. नर्मदेचं चांगलं, पण त्यात क्लोरीनचा वास असतो. उकळून, गार करून, उघड्या भांड्यात तासभर ठेवलं की तो जातो. आरओचं चालतं. सोड्याचे बुडबुडे वास उधळून लावतात, म्हणून चव शिकताना सोडा बाजूला ठेवा. नंतर उन्हाळ्यात साध्या ब्लेंडेडमध्ये सोडा घालून प्यायलात तर माझी काही हरकत नाही.

पाणी घातल्यावर व्हिस्की किंचित गढूळ झाली तर ती खराब नाही. गार करून गाळलेली नसेल तर त्यातली तेलं अशी दिसतात. ४६ टक्के आणि वर ती विरघळलेली राहतात, म्हणून न गाळलेल्या बाटल्या बहुधा ४६ च्या असतात.

११. सोबत काय खावं

इंदुरात राहून हे सांगणं जिवावर येतं, पण लौंग शेव व्हिस्कीबरोबर नको. लवंगेतलं युजेनॉल जीभ बधिर करतं. दाढ दुखली की आपण लवंग धरतो ती याचसाठी. लसूण शेव तर त्याहून वाईट. शेव दुसऱ्या दिवशी पोह्यांवर खा.

रिकाम्या पोटी मात्र पिऊ नका. आधी थोडं काही खाऊन घ्या, पोळीचा तुकडा, वरणभात, काहीही साधं. मग ग्लासाशेजारी:

- बिनधुराच्या मॉल्टबरोबर साधे भाजलेले बदाम, तुपात परतलेले मखाने.
- शेरीच्या पिंपातल्या व्हिस्कीबरोबर खारीक, अंजीर, कडसर चॉकलेट.
- धुराच्या व्हिस्कीबरोबर निखाऱ्यावर भाजलेलं मक्याचं कणीस, लिंबू-तिखट न लावता, नुसतं मीठ. पावसाळ्यात हे जमून आलं तर दुसरं काही लागत नाही.
- थंडीत सराफ्यात गराडू निघतो. घरी आणून, जिरावण न भुरभुरता, नुसत्या मिठावर खा. त्याचा पिठूळ गोडवा आणि टीचर्स ही जोडी मला फार आवडते.

भुट्ट्याचा कीस चविष्ट, पण त्यातली मोहरी, हिंग आणि हिरवी मिरची व्हिस्कीला बोलू देत नाहीत.

१२. किती, आणि नंतर घरी कसं जायचं

४२.८ टक्क्यांच्या ३० मिलीत सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. शरीराला ते निपटायला तासभर, कधी जास्त लागतो. म्हणून तासाला एक छोटा पेग, आणि शेजारी तेवढंच नाही, त्याच्या कितीतरी पट पाणी. दुसऱ्या पेगानंतर नाक आणि जीभ दोन्ही सुस्तावतात. तिसऱ्यात तुम्ही चवीचे पैसे भरता आणि चव मिळत नाही. कुणी आग्रह करत असेल तर "माझा झाला" एवढंच म्हणा आणि ग्लास पालथा घाला.

दुकानाला लागून असलेले, बसून प्यायचे अहाते १ एप्रिल २०२३ पासून बंद आहेत. गाडीत, पुलाखाली, बायपासच्या कडेला बसून पिणं बेकायदा आहे आणि तिथे चवही लागत नाही. घर किंवा परवाना असलेला बार. गाडी चालवायची असेल तर एकही घोट नाही. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पहिल्याच गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. एका पेगात मी मर्यादेत आहे की बाहेर, हे अंगावरून कळत नाही. रिक्षा किंवा कॅब करा.

१३. बाटली ठेवायची कशी

उभी. वाइनसारखी आडवी ठेवली तर कडक अल्कोहोल बुचाचा चुरा करतं. ऊन लागणार नाही अशा खालच्या कपाटात. माळ्यावर किंवा फ्रिजच्या डोक्यावर मे महिन्यात भट्टी असते. व्हिस्की बाटलीत मुरत नाही, त्यामुळे "ठेवून दिली की भारी होईल" असं काही नाही. उघडल्यावर मात्र हवा लागते. अर्ध्याखाली गेली की काही महिन्यांत वास मावळायला लागतो. तेव्हा छोट्या, स्वच्छ, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, प्लास्टिकच्या नाही. आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी.

१४. दुसरी बाटली

पहिली आवडली म्हणून तीच पुन्हा घेऊ नका. उलट्या स्वभावाची घ्या: पहिली बिनधुराची होती तर आता थोड्या धुराची, पहिली स्कॉच होती तर आता भारतीय मॉल्ट. मग एका संध्याकाळी दोन सारख्या ग्लासांत पंधरा-पंधरा मिली शेजारी ओता, एक पेगच होतो. बिनधुराची आधी, धुराची नंतर. उलटं केलंत तर धूर जिभेवर बसून राहतो आणि पहिलीला न्याय मिळत नाही. ग्लासांच्या तळाला कागदाची चिठ्ठी लावा, घरातल्या कुणाला तरी जागा बदलायला सांगा, आणि कुठली कुठली ते ओळखायचा प्रयत्न करा. वहीत तारीख, बाटलीचं नाव, टक्के, किती थेंब पाणी घातलं आणि काय सापडलं एवढं लिहा. आधीची नोंद मात्र नवी नोंद लिहून झाल्यावरच उघडा, नाहीतर नाक जुनंच उत्तर देतं.